पेशंटसोबत कोण?

एकटं राहणं मला झकास जमतं. बल्ब बदलते, तुंबलेलं सिंक मोकळं करते, झुरळाचा सोक्षमोक्ष लावते आणि पलंगावर आडवीतिडवी पसरून झोपते. कुठे निघालीस, कधी येणार, असं विचारणारं कोणी नाही. त्यामुळे बहुतेकदा कुठेच न जाता पुस्तक घेऊन लोळते.

या सुखाला दृष्ट लागली ती पोटाची. जळजळ थांबेना म्हणून डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली, म्हणजे घशातून कॅमेऱ्याची नळी घालून पोटात डोकावणं. आधी सहा तास खायचं नाही, शेवटचे दोन तास पाणीसुद्धा नाही. ठीक आहे, उपाशी राहायला जोडीदार लागत नाही. पण फोनवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण येणार, मॅडम?"

"मीच."

"नाही, पेशंट कोण?"

"तीही मीच."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग नियम आले. गुंगीचं इंजेक्शन देणार, म्हणून घरी न्यायला जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी. पुढचे चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, घरात एकटं राहायचं नाही. टॅक्सीवाला प्रौढ असतो, माझ्यापेक्षा जबाबदारही असतो. पण तो चालत नाही म्हणे. (त्या औषधाने मधला वेळ डोक्यातून पार पुसला जातो. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायला शुद्धीतला माणूस लागतो, हे मला रागातही पटलं.) गुंगी नको असेल तर घसा बधिर करणारा फवारा मारून जागेपणीच नळी घालतात. मग खुशाल एकटीने या, एकटीने जा! स्वातंत्र्यासाठी लोकांनी काय काय सोसलं ते आठवून पाहिलं. मग नळीचा फोटो पाहिला आणि गुंगीच्या बाजूने मत दिलं.

लग्न झालेल्या मैत्रिणी हळहळल्या खूप, पण कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या नवऱ्याला सर्दी. माझ्यासारखीच एकटी राहणारी एक मैत्रीण मात्र "किती वाजता?" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात तेव्हा मी जाते, माझ्या नळीला ती. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात तिने बेधडक लिहिलं, 'आलटून पालटून'.

पोटात काळजीचं काही निघालं नाही. गुंगीत मी म्हणे डॉक्टरांना घराचं कर्ज मुदतीआधी कसं फेडलं ते हप्त्यांसकट समजावत होते. आठवत काहीच नाही, त्यामुळे नाकारायचीही सोय नाही. रात्री मैत्रीण मुक्कामाला राहिली आणि मला कडेला सरकवून ऐसपैस घोरली.

त्याआधी संध्याकाळी मावशीचा फोन आला होता. "बघ, अशा वेळी कळतं गं. आता तरी लग्नाचं मनावर घे!"

"मावशी, चोवीस तास महत्त्वाचे निर्णय घ्यायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे."

"बरं, मग उद्या संध्याकाळी करते."