राख दिसते म्हणून बोलतो, पाऱ्याचं काय?

माझी मावशी नागपूरजवळ कोराडीला, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या शेजारी राहते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घातल्या की ती त्यावर जुनं पातळ पांघरते. संध्याकाळी ते झटकलं की करडी भुकटी उडते. "राख आली वं माय आज," एवढंच म्हणते आणि कुरड्या आत नेते. तिला सवय झाली आहे.

राखेवर आपण बोलतो तरी. जुलै २०२२ मध्ये वीज केंद्राची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटला तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले होते. मला आज बोलायचं आहे ते पातळावर न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल.

कोळशात पारा असतो. थोडाच, किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम धरा. म्हणजे दहा टनांत एक ग्रॅम, जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये असायचा तेवढा. मालगाडीच्या एका डब्यात साठेक टन कोळसा मावतो, म्हणजे सहा थर्मामीटर. हे कळल्यापासून फाटकावर थांबले की माझी नजर त्या डब्यांवरून हटत नाही. ६६० मेगावॉटचा एक वीजनिर्मिती संच पूर्ण जोरात चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. त्यातला पारा एक किलो. कोराडीत असे तीन संच आहेत, शिवाय जवळची खापरखेडा आणि मौदा ही वीज केंद्रं वेगळी.

हा सगळा पारा हवेत जातो असं नाही. काही राखेला चिकटून मागे राहतो. पण भट्टीत त्याची वाफ होते, आणि चिमणीआधीची यंत्रं मुख्यतः राख अडवायला बसवलेली असतात. वाफ त्यांच्यातून बरीचशी निसटते. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम हे राखेच्या सगळ्यात बारीक कणांवर बसतात, आणि नेमके तेच कण फुप्फुसात खोलवर जातात. पाऱ्याची वाफ तर महिनोन्‌महिने हवेत फिरते. २०१५ साली जगभरात माणसाच्या कामांमुळे सुमारे २,२२० टन पारा हवेत गेल्याचा अंदाज आहे. त्यात सोन्याच्या छोट्या खाणी सगळ्यात पुढे, आणि त्याखालोखाल कोळसा.

तलावाच्या गाळात पोचलेल्या पाऱ्याचं जिवाणू मिथाईल मर्क्युरी करतात. ते लहान माशात, मग त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात साठत जातं, आणि आईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधतं. माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे. डॉक्टर म्हणाल्या मासे खा, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या भागातल्या माशात किती पारा आहे, हे मी कुणाला विचारू?

कारखाना बंद करा असं मी म्हणत नाही. मे महिन्यात माझ्याही घरी रात्रभर कूलर चालतो. मला फक्त आकडा हवा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा ठरवली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. २०१८ मध्ये भारताने पाऱ्यावरचा मिनामाटा करारही मान्य केला. मग चिमणीतून रोज किती पारा जातो, ते चौकातल्या फलकावर का नाही? हवा किती शुद्ध ते सांगणाऱ्या आपल्या हवा निर्देशांकात (AQI) आठ घटक आहेत, शिसंसुद्धा आहे, पारा नाही. आणि नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था इथे नागपुरातच आहे, मोजायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही.

ठरवलं की होतं. २००० साली देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, कुणाची स्कूटर त्यामुळे थांबली नाही.

मे २०२३ मध्ये कोराडीत नव्या दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. पुढची होईल तेव्हा मी जाणार आहे. तुमच्यापैकी कोण येतंय ते खाली लिहा. तिथे विचारायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे: काल या चिमणीतून किती पारा गेला?

तोवर आईला एवढंच सांगितलं आहे की मोठा मरळ नको, लहान मासे आण.