एआयने सगळे आजार सोडवले? त्या फिरणाऱ्या मेसेजबद्दल

"एआयने २० कोटी प्रोटीन्सचं कोडं सोडवलंय, आता औषध कॉम्प्युटरवरच बनतं, माणसांवर ट्रायल घ्यायची गरज नाही, एका इंजेक्शनने जीन दुरुस्त होतो, पाच वर्षांत कॅन्सर आणि डायबेटिस संपणार." हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला एका मैत्रिणीने पाठवला आणि खाली विचारलं, मग बाबांची केमो थोडी पुढे ढकलू का? ते वाचून पोटात गोळाच आला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

२० कोटीचा आकडा खरा आहे. अल्फाफोल्ड या प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्या एआयने २०२२ मध्ये तेवढ्या प्रोटीन्सच्या आकारांचे अंदाज सगळ्यांसाठी फुकट खुले केले, त्यामागच्या हसाबिस आणि जंपर यांना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेलही मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण ते अंदाज आहेत. तो डेटाबेस उघडून एखादं प्रोटीन बघा, जिथे मॉडेलला खात्री आहे तो भाग गडद निळा दिसतो आणि जिथे अजिबात नाही तिथे केशरी, सुटलेल्या दोऱ्यासारखा लोंबणारा. २०२१ मध्ये माणसाच्या प्रोटीन्सचे अंदाज आले तेव्हा खात्रीचा भाग साधारण ५८ टक्के होता. आणि आकार कळला तरी त्याला चिकटणारं औषध लिव्हरला झेपेल का, हे त्या चित्रात कुठेच नसतं.

म्हणूनच ट्रायल. ११ जानेवारी २०२० ला कोरोनाचा जेनेटिक सिक्वेन्स जाहीर झाला, मॉडर्नाने दोनच दिवसांत लसीचं डिझाइन पक्कं केलं, आणि अमेरिकेत तातडीच्या वापराची परवानगी मिळाली १८ डिसेंबरला! सगळं जग डोळे लावून बसलेलं, पैशाला तोटा नाही, तरी शेवटच्या टप्प्यात जवळपास ३० हजार लोकांना टोचून वाट बघावीच लागली, कारण शरीर आपल्या वेळेने उत्तर देतं, ते कॉम्प्युटरने घाई करून होत नाही. माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ पुढे बाद होतात, आणि ती सगळी आधी कागदावर चांगलीच दिसत असतात. रेंटोसर्टिब हे फुप्फुसाच्या फायब्रोसिसवरचं (फुप्फुस कडक होत जाण्याच्या आजारावरचं) औषध एआयच्या मदतीने शोधलेलं, त्याचे २०२५ मध्ये आलेले निकाल आशादायक आहेत, पण ते ७१ पेशंटवरच्या ट्रायलचेच आहेत. म्हणजे एआय वापरणारेसुद्धा ट्रायल टाळत नाहीयेत.

आता ते "एक इंजेक्शन". क्रिस्पर, म्हणजे जीन कापून बदलायचं तंत्र, त्यावरचं पहिलं मंजूर औषध कॅसजेव्ही, २०२३ चं, सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी. त्यात पेशंटच्या रक्तातून स्टेम सेल्स (नव्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) काढून लॅबला पाठवतात, तिथे त्या एडिट करून तपासायला कित्येक महिने जातात, मग पेशंटला कडक केमो देऊन जुना बोन मॅरो रिकामा करतात, त्यानंतर त्या पेशी परत सोडतात, आणि पुढे काही आठवडे हॉस्पिटल, कारण त्या काळात साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेत एका बाळासाठी सहा महिन्यांत खास त्याच्यापुरती जीन एडिटिंगची ट्रीटमेंट बनवली, ती बातमी वाचून मला खरंच भरून आलं होतं. तिथेही एका इंजेक्शनने भागलं नाही, तीन डोस लागले. आणि तो आजार एकाच जीनमधल्या बिघाडाचा होता.

टाइप २ डायबेटिसमध्ये शेकडो जीन्सचा थोडाथोडा हात असतो, वर खाणं, वय, वजन, सगळंच. कॅन्सरमध्ये तर एकाच गाठीतल्या पेशीसुद्धा एकमेकींसारख्या नसतात, औषधाने बऱ्याच मरतात आणि उरलेल्या पुन्हा वाढतात. अशा आजारांना एक तारीख कोण कशी देणार?

मैत्रिणीला मी लगेच फोन केला, म्हटलं केमो ठरलेल्या दिवशीच होऊ दे, आणि बाबांना बसेल अशी एखादी ट्रायल सुरू आहे का ते त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टना विचार. परवा ती त्यांना घेऊन जाऊन आली.