सत्तावीस मिनिटांची मुंबई

भाच्याला शुक्रवारी मुंबईत इंटरव्ह्यू आहे. परवा त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, बघा की! सोलापूर-मुंबई ३६० किलोमीटर, विमानाला सत्तावीस मिनिटं!" सोलापुरात संध्याकाळच्या गर्दीत सात रस्ता चौकातून बाळे भागात पोचायला तेवढा वेळ लागतो.

हिशेब चुकलेला नाही. नकाशावर सरळ रेघ ओढली तर अंतर तेवढंच, आणि ताशी ८०० ने भागलं की सत्तावीस. पण विमानाला आधी धावपट्टीच्या टोकाला जायचं असतं, मग चढायचं असतं, आणि वेग धरतंय न धरतंय तोच उतरायची तयारी. त्यात मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना फुली मारून गेल्यात, एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की वरच घिरट्या. वेळापत्रकात तासाच्या पुढचा आकडा असतो तो म्हणूनच.

२०२५ च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं आणि मीही हौसेने गेलो. विमानतळासाठी २०२३ मध्ये विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गावात केवढं रण माजलं होतं, म्हटलं निदान एकदा तरी बसू या. जुळे सोलापुरातल्या घरापासून होटगी रोडचा विमानतळ म्हणजे हाकेच्या अंतरावर, तरी दीड तास आधी पोचलो. तपासणीत ताईंनी माझ्या पिशवीतली शेंगाचटणीची पुडी काढली, उलटीपालटी केली, नाकाशी नेली. "ये क्या है?" मी तोंड उघडायच्या आत मागचे काका म्हणाले, "चटणी हाय मॅडम, दही घालून खावा." त्या हसल्या, पुडी पुढे सरकली.

सगळं वेळेवर झालं हं. तरी घराचं कुलूप लावल्यापासून दादरला बहिणीची बेल वाजवेपर्यंत साडेचार तास! शेवटचा तास तर टॅक्सीत आणि सिग्नलला.

वंदे भारत २०२३ च्या फेब्रुवारीपासून आहे. पहाटे सहाच्या सुमारास निघते, साडेसहा तासांत मुंबई, आणि दादरला थांबते. म्हणजे विमानाने वाचवले जेमतेम दोन तास. आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस? रेल्वेचे साडेचारशे किलोमीटर, पण जेवून चढायचं, चादर ओढायची, डोळा उघडतो तो कल्याणला. दिवसातलं एक मिनिटही जात नाही. माझ्या लेखी सोलापुरातून मुंबईला जाणारी सगळ्यात वेगवान गाडी तीच, कुणी काहीही म्हणो.

विमानाची खरी मजा गोव्याला. सरळ रेघेत तीनशेच्या आसपास, मुंबईपेक्षाही जवळ. पण रस्त्याने चारशेच्या वर, मध्ये सह्याद्री, घाटातली वळणं, पोरांच्या उलट्या. सगळा दिवस त्यात जातो. २०२५ च्या जूनमध्ये तिकडचं विमान सुरू झालं, ते पंख्याचं. जेटपेक्षा हळू, पण एवढ्याशा अंतरात त्याने फार फरक पडत नाही. वाचतो तो आख्खा घाट. तिकिटाचे पैसे तिथे घाला की, मुंबईला कशाला?

हे सगळं भाच्याला अर्धा तास समजावून सांगितलं. पोरगं निमूट ऐकत होतं. मग म्हणालं, "मामा, गुरुवारच्या सिद्धेश्वरचं वेटिंग ७२ आहे."