शांत बसायला कारण लागतं का हो?

घरात कोणी आजारी आहे का? नाही. मुलाची दहावी-बारावी? नाही. तान्हं बाळ? तेही नाही. "मग वहिनी, तुम्हाला एवढी शांतता हवीय कशाला?"

हा प्रश्न आमच्या बिल्डिंगमधल्या एका सद्गृहस्थांनी मला विचारला. चेष्टेने नाही, अगदी काळजीने. दुसऱ्या मजल्यावर हॅमर ड्रिल चालू होतं आणि मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की काका, दुपारी दोन ते चार तरी थांबवायला सांगा. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे उसने पैसे मागितले. तेव्हापासून डोकं उठलंय माझं.

रत्नागिरीत फ्लॅट घेतला तो नवऱ्याच्या बदलीमुळे. थिबा पॅलेसच्या बाजूला, सगळ्यात वरचा मजला, बाल्कनीतून लांबवर खाडीची एक पट्टी दिसते. जाहिरातीत लिहिलं होतं, "निसर्गरम्य, शांत परिसर". परिसर शांत आहेच हो. परिसराबद्दल माझी तक्रार नाही. समोरच्या आमराईत कोकीळ ओरडते, मिरकरवाड्याच्या बोटींची घरघर कधीतरी पहाटे येते, शिमग्याला पालखीचा ढोल येतो. ढोल आला की मी स्वतः खाली धावते. गोंगाट आहे तो बिल्डिंगच्या पोटात.

पहिली ती लिफ्टमधली बाई. "कृपया दरवाजा बंद करा." कोणीतरी खालच्या मजल्यावर जाळीचा दरवाजा नीट न लावता निघून जातो आणि ही बाई रेकॉर्ड अडकल्यासारखी तेच तेच म्हणत राहते. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. रात्री साडेअकरा वाजता! उठून, चार मजले जिना उतरून दरवाजा लावायचा कोणी? ज्याला ऐकू येतं त्याने. आणि ऐकू फक्त मलाच येतं, बाकीच्यांचे कान बहुतेक बिल्डरने पार्किंगबरोबर वेगळे विकलेत.

मग रिव्हर्स घेताना गाणं म्हणणाऱ्या गाड्या. पार्किंगमध्ये वाहन मागे येतंय हे कळावं म्हणून ते असतं, मान्य. पण पार्किंगमध्ये माणूस नाही, मांजर नाही, आणि साहेबांची गाडी इंचाइंचाने मागे जातेय आणि सनई वाजतेय. समोरच्या दारावरची बेल चिमण्यांसारखी चिवचिवते. खऱ्या चिमण्यांनी गॅलरीत घरटं केलं तर जाळ्या लावता, आणि बेलला चिमणी हवी?

पण खरा वैताग आहे तो फर्निचरचा. आमच्या बिल्डिंगमधले निम्मेअधिक फ्लॅट चाकरमान्यांचे. गणपतीला, मे महिन्यात, जोडून सुट्टी आली की येणार, एरवी कुलूप. घर त्यांचं, पैसा त्यांचा, हौस करावी. पण ती हौस चालते आमच्या कानांवर, आणि ते बसलेले असतात डोंबिवलीला. एकाच वेळी सगळे कधीच करून घेत नाहीत. एकाचा ओटा झाला की दुसऱ्याचं बाथरूम, ते संपलं की तिसऱ्याला टीव्हीच्या मागे पॅनेल हवं. ग्रॅनाइट कापायचं कटर, मग ड्रिल, मग हातोडा, मग कामगारांच्या मोबाइलवरची भोजपुरी गाणी. त्या पोरांना मी काही बोलत नाही, ती बिचारी घरदार सोडून पोटासाठी आलीत. मालकाला फोन केला. तर मालक काय म्हणतात? "ताई, आम्हाला तरी कुठे काही ऐकू येतंय!" बरोबर आहे, डोंबिवलीला कसं येणार?

आणि ड्रिल दुसऱ्या मजल्यावर असलं तरी वाटतं माझ्याच उशाशी चालू आहे. कारण खांब, बीम, स्लॅब सगळं एकसंध काँक्रीट. खाली भिंतीला भोक पाडलं की थरथर सरळ वरपर्यंत चढते. मधल्या भिंती म्हणाल तर चार इंची हलके ब्लॉक. शेजारच्या वहिनी कुकरच्या किती शिट्ट्या करतात यावरून आज वरण आहे की छोले, हे मला सांगता येतं. राजापूरकडचं आमचं सासरचं घर जांभ्याचं, जाड चिऱ्यांचं. ओटीवर भांडण झालं तरी माजघरातल्या माणसाला पत्ता लागत नाही (याचे तोटेही आहेत, ते परत कधीतरी). जड भिंत आवाज अडवते, हलकी भिंत सोडते, इतकं साधं आहे हे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६च्या, ध्वनिरोधनावर वेगळा विभाग आहे. तो आमच्या बिल्डरने उघडला असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. माहितीपत्रकात काय काय होतं? लिफ्ट, जनरेटर, सीसीटीव्ही, व्हिट्रिफाइड टाइल्स. भिंतीतून किती आवाज येईल, हे आम्हीही विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

कायद्याचं बोलायचं तर तेही बोलते, कारण ग्रुपवर मला "कायदा दाखवा" म्हणाले होते. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५. २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायलाही बंदी. दाखवला. मग म्हणाले, "ते रात्रीचं आहे ना? आम्ही दिवसा करतो." अहो, दिवसाचा आकडाही तिथेच छापलाय! मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माझ्या हॉलमध्ये, खिडक्या बंद करून, ८५ दिसत होते. ते अ‍ॅप काही कोर्टात चालणार नाही, ठाऊक आहे. पण डेसिबल म्हणजे किलो-लिटर नव्हे. ५५ चे ८५ झाले म्हणजे आवाजाची तीव्रता हजारपट झाली. हे लिहिलं तर खाली एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दुसऱ्याने "सुप्रभात".

पावसाळ्याचं तर विचारूच नका. कोकणात गच्ची गळतेच, म्हणून बिल्डिंगवर पत्रे घातलेत. त्याला माझी ना नाही, गळण्यापेक्षा बरं. पण जुलैचा पाऊस त्या पत्र्यावर पडायला लागला की घरात एकमेकांशी खुणांनी बोलावं लागतं. तरी सांगते, पावसावर माझा राग नाही. त्याला समजत नाही. माणसांना समजतं.

पलीकडेच तो थिबाचा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्यासाठी लाल इमारत बांधली, समोर खाडी, आजूबाजूला माणसं नाहीत, काही घडत नाही. जी गोष्ट राजाला शिक्षा म्हणून दिली, तिच्यासाठी मी दर महिन्याला बँकेचा हप्ता भरतेय आणि ती मिळत नाहीये.

मला काय हवंय? तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर अर्धा तास. चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, मोबाइल आत. बस्स. त्यासाठी मला मायग्रेन असायला हवं का? डॉक्टरची चिठ्ठी आणू? झोपेसाठी लोक थांबतात, परीक्षेसाठी थांबतात, मयत असेल तर पंखासुद्धा हळू लावतात. पण धडधाकट बाईला नुसतं गप्प बसायचंय म्हटलं की ती माणूसघाणी. "शहर आहे वहिनी, चालायचंच." रत्नागिरी कधीपासून एवढी शहर झाली, की संध्याकाळी सात वाजता टाइल कापल्याशिवाय तिला चैन पडत नाही?

लिफ्टच्या मेकॅनिकला विचारलं, ती बाई गप्प करता येईल का. म्हणाला, दोन मिनिटांचं काम, पण सेक्रेटरीची सही लागेल. सेक्रेटरी नाही, कारण सोसायटीच अजून नोंदलेली नाही. त्यासाठी मीटिंग घ्यायची, असं ग्रुपवर ठरलं. कुठे घ्यायची यावर दिवसभर चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावर काम चालू आहे, पहिल्यावर धूळ, पार्किंगमध्ये गाड्यांचा आवाज. शेवटी सर्वानुमते ठरलं, मुलाबाळांसकट रविवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे जमायचं. त्यांच्याकडे शांत असतं.