संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हते

वसईतल्या ख्रिस्ती ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "संत गोन्सालो गार्सिया विद्वान धर्मगुरू होते. गुरुदीक्षा आणि पदवी नसेल त्याने सेवाकार्याच्या गोष्टी करू नयेत." यातलं पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं त्याच चुकीवर उभं आहे.

गोन्सालो मूळचे वसईचे. जपानात त्यांनी व्यापार केला, तिथली भाषा पक्की केली. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघात आले, ते ब्रदर म्हणून, म्हणजे धर्मगुरू नसलेले सदस्य म्हणून. त्यांना गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) कधीच झाली नाही, म्हणजे मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकारही नव्हता. 1593 साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर जपानला पाठवलं तेव्हा वाट्याला आलं दुभाष्याचं काम. दुसऱ्याचं बोलणं चोख पोचवायचं, अगदी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोरसुद्धा. देवाने नेमून दिलेलं काम म्हणून त्यांनी ते केलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यांत ते होते. त्याच 26 जणांत 12 वर्षांचा लुईही होता! त्याची पदवी कोणती?

शिकलेले धर्मगुरू हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण मासेमारी करणाऱ्या पेत्राला येशूने बोलावलं तेव्हा त्याची लायकी तपासली नव्हती. रात्रभर हाती काही लागलेलं नाही, जाळी धुऊन झालेली, आणि पुन्हा खोल पाण्यात जायला सांगितलं. पाचूबंदरच्या कोळ्यांना विचारा, अशा वेळी होडी परत लोटणं किती जिवावर येतं. पेत्र गेला.

हा मेसेज वाचून धर्मशिक्षणाचे वर्ग घेणं सोडायचा विचार कुणी करत असेल, तर कृपया सोडू नका.