‘तुमच्याकडे बघ कसं जपतात’ म्हणणाऱ्यांसाठी, शिकागोहून

मुंबईत काळा घोड्याचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, पाडायचं की जपायचं हा विषय आमच्या घरच्या ग्रुपवर परत निघाला आणि मामेभावाचं तेच वाक्य परत आलं, "दादा, तुमच्याकडे बघ, शंभर वर्षांची दुकानंसुद्धा कशी जिवापाड जपतात, आपल्या लोकांना अक्कलच नाही." त्यावर दुसऱ्याने लिहिलं की जपायचं कशाला, एका गोऱ्या कापडवाल्याचं हॉटेल ते, पाडा आणि मोकळे व्हा. दुसऱ्याशी निदान भांडता तरी येतं, पण पहिल्याचं वाक्य माझ्या डोक्यात जातं, कारण ते साफ खोटं आहे आणि ते खोटं ठरवणाऱ्या जागेच्या शेजारूनच मी रोज ऑफिसला जातो.

शिकागोत क्विन्सी स्टेशनला उतरून फ्रँकलिन स्ट्रीटकडे चालायला लागलं की उजव्या हाताचा जो ब्लॉक आहे, अॅडम्स स्ट्रीटपर्यंतचा, तिथे मार्शल फील्ड या बड्या कापडव्यापाऱ्याचं होलसेल स्टोअर होतं. ३२५ फूट लांब, १९० फूट रुंद, सात मजले, लाल ग्रॅनाइट आणि लाल वालुकाश्म, दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेले, आणि खाली तीन आणि वर दोन मजले एका कमानीत घेतलेल्या खिडक्या. वास्तुकार हेन्री हॉबसन रिचर्डसनने आराखडा केला आणि इमारत उभी राहायच्या आधीच, १८८६ मध्ये, तो गेला. १८८७ ला स्टोअर सुरू झालं. लुई सलिव्हनसारखा मोठा वास्तुकार त्या भिंती बघून बदलला, त्याच्या इथल्याच ऑडिटोरियम बिल्डिंगवर त्या कमानींची छाप सरळ दिसते. अमेरिकेतली व्यापारासाठी बांधलेली सगळ्यात देखणी इमारत कुठली असं विचारलं तर बरेच जाणकार आजही हीच सांगतात. म्हणजे फोटो दाखवून सांगतात, कारण १९३० ला ती पाडली. वय वर्षं ४३. आणि त्या जागी काय केलं, तर पार्किंग.

सरकारने पाडली नाही, बिल्डरने पाडली नाही, फील्डच्याच कंपनीने पाडली. फील्ड तोवर जाऊन २४ वर्षं झाली होती. मॅसॅच्युसेट्सच्या कॉनवे गावातला शेतकऱ्याचा मुलगा, १८५६ ला शिकागोत येऊन कापडाच्या पेढीवर कारकून झाला, आणि १८७१ च्या आगीत दुकान जळालं तरी परत उभा राहिला. लोकांना त्याचं स्टेट स्ट्रीटचं दुकान माहितीय, पण त्याचा मोठा धंदा होलसेलचा होता. आयोवा-नेब्रास्काकडचे छोटे दुकानदार आगगाडीने यायचे, नमुने बघायचे, कापड, गालिचे, बटणं, मोजे अशी वर्षाची खरेदी नोंदवून जायचे. मूळजी जेठा मार्केट बघितलेल्याला हे वेगळं समजवायला नको. माणूस तसा कडक, युनियनचं नाव काढू द्यायचा नाही, पण इथल्या फील्ड म्युझियमला त्याने दहा लाख डॉलर दिले आणि तिथे नाव अजून त्याचंच आहे.

मग टपालाने माल विकणारे मेल ऑर्डरवाले आले, मोटारी आल्या, छोटे दुकानदार माल सरळ कारखान्यातून घ्यायला लागले, होलसेल आटला. कंपनीने उपाय काय काढला, तर नदीकाठी ४० लाख चौरस फुटांची मर्चंडाइज मार्ट नावाची इमारत बांधली, सगळं तिकडे हलवलं आणि रिचर्डसनची इमारत जमीनदोस्त केली. पाच-सहा वर्षांत होलसेल विभागच बंद पडला! १९७२ ला इथे स्टॉक एक्स्चेंजची इमारतही अशीच गेली, त्याची कमान आता आर्ट इन्स्टिट्यूटच्या बाहेर नुसती उभी आहे, आतबाहेर काहीच नाही. हे आमचं जपणं.

स्टेट स्ट्रीटचं दुकान मात्र उभं आहे, कारण ते चालत होतं. २००६ ला त्यावर मेसीज या दुसऱ्या कंपनीची पाटी लागली तर लोक दुकानाच्या घड्याळाखाली निषेधाला जमले, पण तोवर होलसेलची इमारत जाऊन ७६ वर्षं झाली होती.

आता आपल्या वॉटसनचं. जॉन वॉटसन हाही कापडवालाच. इंग्लंडमध्ये बिडाचे खांब-तुळया ओतून, जहाजाने आणून, मुंबईत जोडलेली ती इमारत. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा तिथे दाखवला गेला. २००५ ला तिचा एक भाग कोसळला, २०१९ ला आयआयटीच्या अहवालाने पाडा म्हटलं, संवर्धनवाल्यांनी दुरुस्ती होते म्हटलं. आणि तरी ती दीडशे वर्षं टिकली, ती कशामुळे? वकिलांची ऑफिसं, झेरॉक्सवाले, भाडेकरू, सतत माणसांचा राबता होता म्हणून. माझे बाबा तिथल्या एका वकिलांकडे टायपिंग करायचे. लाकडी जिना, गंजलेलं रेलिंग, दोरीने बांधलेल्या फायलींचे गठ्ठे, सगळीकडे कागदाचा आणि ओलीचा वास. गोऱ्याचं हॉटेल म्हणणाऱ्याला माझं हेच उत्तर आहे, ते हॉटेल केव्हाच संपलं होतं, नंतर ती बाबांसारख्यांची जागा होती.

खरं सांगायचं तर राग नुसता इमारतीचा नाहीये. "तुमच्याकडे" म्हणून मामेभाऊ मला शिकागोच्या खात्यात टाकतो, आणि फील्डच्या इमारतीचं दुःख मी करायला लागलो की इथला शेजारी सभ्यपणे विचारतो, यू मिस इट? कसं मिस करणार, कधी बघितलीच नाही. मुंबईच्या बाबतीत बोललो की तू तिथे बसून सांगू नकोस, असं ऐकावं लागतं. तरी मी बोलणार. बाबांनी तिथे आयुष्य काढलंय.

शिकागोला आता काही करता येत नाही, मुंबईला येतं. दगडी भिंत एकदा फोडली की गेली, बिडाचा सांगाडा सुट्या भागांचा असतो, खराब झालेला भाग बदलता येतो. तेव्हा परदेशाचे दाखले बास करा आणि हे विचारा: दुरुस्तीचा खर्च मालक देणार की सरकार, भाडेकरूंना जागा परत मिळणार का, आणि दुरुस्तीनंतर आत कोण बसणार?