‘व्हीगन खाऊन स्नायू बनत नाहीत’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरून येतो. त्याचा सारांश असा: मांस, अंडी, दूध सोडलेला, म्हणजे व्हीगन खेळाडू प्रोटीनअभावी खंगतो. डाळी-कडधान्यांतलं प्रोटीन ‘अपूर्ण’ असतं. पुरेसं मिळवायचं तर रोज किलोभर डाळ खावी लागेल. सोयाबीन खाल्लं की पुरुषांचे हार्मोन बिघडतात. जे व्हीगन खेळाडू दाखवले जातात त्यांची शरीरं आधी मांस खाऊनच घडलेली असतात. आणि शेवटी सल्ला: व्हे पावडरचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीनचा डबा आणा, नाहीतर खेळ विसरा.

मी लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या खाण्यापिण्याचं काम बघते. हा मेसेज वाचून धास्तावलेली पोरं येतात, घरात पैशांची ओढाताण असताना महागडे डबे आणतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

आधी गरज किती ते ठरवू, कारण मेसेजमध्ये तो आकडाच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. खेळाडूला याहून जास्त लागतं. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक आणि आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी कॅनडातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेसोबत २०१६ मध्ये काढलेल्या निवेदनात १.२ ते २ ग्रॅम ही मर्यादा दिली आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सरासरीने १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूवाढीत फारशी भर पडत नाही, असं २०१८ मध्ये दिसलं. म्हणजे ६० किलो वजनाच्या धावपटूला दिवसाला ९६ ग्रॅम पुरेत. वनस्पतींतलं प्रोटीन पचायला थोडं कमी सोपं असतं हे खरं आहे. म्हणून व्हीगन खेळाडूने थोडं वरचं माप धरावं, असं मी सांगते.

“डाळीतलं प्रोटीन अपूर्ण असतं.”

मेसेजमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट मुद्दा हाच. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं ती अमिनो आम्लं. त्यांतली शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी नऊ. डाळ, ज्वारी, तांदूळ, शेंगदाणे या प्रत्येकात ती नऊच्या नऊ असतात. फरक असतो तो प्रमाणाचा. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. प्रौढाला दर ग्रॅम प्रोटीनमागे ४५ मिलिग्रॅम लायसिन लागतं आणि ज्वारीत साधारण निम्मंच मिळतं. उलट डाळी-कडधान्यांत ते ६० मिलिग्रॅमच्या वर असतं, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं, जे धान्यात पुरेसं असतं. भाकरी आणि मटकीची उसळ एकत्र खाल्ली की एकीची कमतरता दुसरी भरून काढते. आपल्या घरांत हे जेवण पिढ्यान् पिढ्या होतं आहे. सोयाबीनला तर या जोडीचीही फारशी गरज पडत नाही, त्याच्या प्रोटीनचा दर्जा दूध-अंड्यांच्या जवळ जातो.

खऱ्या अर्थाने एखादं अमिनो आम्ल जवळजवळ पूर्ण गायब असलेला पदार्थ हवा असेल तर तो जिलेटिन. त्यात ट्रिप्टोफॅन नसतंच, आणि जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडा-कातड्यापासून.

ही जोडी एकाच ताटात जमली पाहिजे, हा हट्टही सोडून द्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत ही कल्पना ज्या लेखिकेमुळे लोकप्रिय झाली, तिनेच १९८१ मध्ये ती मागे घेतली. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

“रोज किलोभर डाळ खावी लागेल.”

हिशोब करून बघा. तूरडाळीत १०० ग्रॅममागे जवळपास २२ ग्रॅम प्रोटीन. नुसत्या तूरडाळीवरच ९६ ग्रॅम गाठायचे म्हटले तरी कच्ची डाळ ४४० ग्रॅमच्या आसपास लागेल, किलोभर नाही. आणि नुसती डाळ खाऊन कोण राहतं?

आता दिवसभराचं खाणं मांडून दाखवते, वजनं सगळी कच्च्या मालाची. सकाळी धावून आल्यावर ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, १४ ग्रॅम प्रोटीन. सोबत २० ग्रॅम दाण्यांची चटणी, ५ ग्रॅम. बिनसाखरेचं सोयादूध पेलाभर, ७ ग्रॅम. दुपारी १५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्या, १५ ग्रॅम, आणि ६० ग्रॅम मटकीची मोड आणून केलेली उसळ, १२ ग्रॅम. कोशिंबिरीत २० ग्रॅम दाण्याचं कूट, आणखी ५. संध्याकाळी ५० ग्रॅम फुटाणे, १०. रात्री ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा, २० ग्रॅम, त्याबरोबर ८० ग्रॅम तांदळाचा भात, ६ ग्रॅम, आणि ३० ग्रॅम तूरडाळीची आमटी, ६ ग्रॅम. बेरीज १००. कॅलरी भरतात दोन हजारांच्या आत. तेल, भाजी आणि फळं धरली तर चोवीसशेच्या आसपास. रोज पंधरा किलोमीटर धावणाऱ्या पोराला तेवढी भूक असतेच.

यात किराणा दुकानात न मिळणारी वस्तू फार तर सोयादूध. ते नको असेल तर रात्रीच्या रश्शात १५ ग्रॅम वड्या वाढवा, हिशोब तिथेच जुळतो.

इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. नेहमीचं घरचं जेवण, म्हणजे दोन-तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि वाटीभर पातळ वरण, हे खेळाडूला पुरत नाही. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते पंचवीसेक ग्रॅम, म्हणजे प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दूध-दही सोडलं होतं आणि त्या जागी काहीच वाढवलं नव्हतं. डब्यात पोळी आणि बटाटा, मधल्या वेळी बिस्किटं. दिवसाला ४० ग्रॅमही प्रोटीन जात नव्हतं. व्यायामानंतर पाय भरून यायचे, दुखणं उतरायचं नाही. तिच्या घरच्यांनी दोष दिला व्हीगन असण्याला. दोष होता तो ताटात कडधान्य नसण्याचा. असं ताट मांसाहारी घरातही आठवड्यातले पाच दिवस वाढलं जातं.

एक व्यावहारिक सूचना. कडधान्यांची सवय नसेल तर हे सगळं एका दिवसात सुरू करू नका, पोट फुगेल. दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवा. भिजवणं, मोड आणणं, कुकरला नीट शिजवणं यामुळे पचायला सोपं जातं. धावायला जायच्या आधी उसळ नको, तेव्हा केळं बरं. आणि सगळं प्रोटीन रात्रीच्या जेवणात कोंबू नका. दिवसात चार वेळा वाटून घेतलं तर स्नायूंना जास्त उपयोग होतो.

“मांसाहारी खेळाडूइतके स्नायू वाढूच शकत नाहीत.”

साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. १९ व्हीगन आणि १९ मिश्राहारी तरुण पुरुष, बारा आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम. दोन्ही गटांचं प्रोटीन दर किलोला १.६ ग्रॅमवर आणलं, व्हीगनांना सोयाची पावडर देऊन आणि इतरांना व्हेची. पायांचे स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. हे तरुण आधी तयारीचे खेळाडू नव्हते, त्यामुळे ऑलिंपिकच्या पातळीवर काय होईल हे या एका प्रयोगातून ठरत नाही. पण ‘वाढूच शकत नाहीत’ हे विधान त्याने खोटं पाडलं.

“सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन बिघडतात.”

नाही. २०२१ मध्ये ४१ अभ्यास एकत्र तपासले गेले. सोया खाणाऱ्या पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर किंवा इस्ट्रोजेनवर परिणाम आढळला नाही. सोयाने हार्मोन बिघडल्याचं उदाहरण म्हणून मेसेजमध्ये ज्या माणसाची गोष्ट सांगतात, तो रोज तीन लिटरच्या जवळपास सोयादूध पीत होता.

“आधी मांस खाऊन शरीर घडलं, मग व्हीगन झाले.”

काहींच्या बाबतीत खरं आहे. अमेरिकेचा धावपटू कार्ल लुईस १९९० मध्ये व्हीगन झाला तेव्हा त्याच्या गळ्यात ऑलिंपिकची सुवर्णपदकं होतीच. पण १९९१ मध्ये टोकियोत १०० मीटरचा ९.८६ सेकंदांचा विश्वविक्रम त्याने केला तो त्यानंतर, वयाच्या तिशीत. अमेरिकेचाच लांब पल्ल्याचा धावपटू स्कॉट ज्युरेक याने १९९९ मध्ये प्राणिजन्य पदार्थ सोडले आणि कॅलिफोर्नियाची १०० मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत त्या वर्षापासून २००५ पर्यंत सलग सात वेळा जिंकली. जुन्या मांसाची पुण्याई सात वर्षं पुरत नाही. स्नायूंतलं प्रोटीन सतत झिजतं आणि नव्याने बनतं. ब्रिटनची फियोना ओक्स तर सहा वर्षांची असल्यापासून व्हीगन आहे, आणि २०१३ च्या उत्तर ध्रुवावरच्या मॅरेथॉनमध्ये महिलांत तीच पहिली आली.

या नावांवरून व्हीगन आहार श्रेष्ठ ठरतो असं मी म्हणत नाही. शक्य आहे, एवढंच त्यातून ठरतं. ‘हत्ती आणि गोरिला काय खातात?’ असं विचारणाऱ्या व्हीगन मित्रांनीही थांबावं. त्यांची पचनसंस्था वेगळी आहे, त्या उदाहरणाने आपली बाजू दुबळीच होते.

मेसेजने ज्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही ते जीवनसत्त्व बी-१२, आणि खरा धोका तिथे आहे. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला वापरता येत नाही. कमतरता वाढली तर थकवा, हातापायांना मुंग्या, पुढे मज्जातंतूंना इजा. दूध-दही सोडलेल्या प्रत्येक खेळाडूने डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी सुरू करावी. ती जिवाणूंपासून बनते, त्यामुळे तत्त्वाला बाध येत नाही. धावणाऱ्या मुलींनी लोहाची तपासणीही करून घ्यावी. जेवणातलं लोह अंगी लागावं म्हणून उसळीवर लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. वेगाच्या आणि ताकदीच्या खेळांत क्रिएटिनचा, म्हणजे स्नायूंना झटकन ऊर्जा पुरवायला मदत करणाऱ्या द्रव्याचा, फायदा होतो. ते मांस-मासळीतून मिळतं, म्हणून व्हीगनांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. कारखान्यात बनणाऱ्या क्रिएटिनला मात्र प्राणी लागत नाही.

राहिला व्हेचा डबा. व्हे वाईट नाही, पण अपरिहार्यही नाही. ताटातून जमत नसेल, प्रवास असेल, स्पर्धेचा हंगाम असेल तर सोया किंवा वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर तेच काम करते. डबा कोणताही घ्या, त्याच्या प्रत्येक बॅचची उत्तेजक द्रव्यांसाठी स्वतंत्र तपासणी झालेली आहे ना, ते आधी बघा. भेसळीच्या पावडरमुळे खेळाडू डोपिंगमध्ये अडकले आहेत, आणि नियम असा आहे की नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच.